ऐकू येत नाही का?

पेटीवाल्याच्या घरात हळू बोलणं कुणाला परवडत नसे. घर म्हणजे पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मध्ये नुसता एक पडदा. पुढे दिवसभर पत्रा ठोकला जाई. पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, बादल्यांना नवी बुडं, नरसाळी, कुणाच्या गळक्या टाकीला डाख, जे येईल ते काम. आणि पत्रा हा काही समजूतदार माल नाही. त्याला वाकवायचं तर डोक्यात हातोडा घालावा लागतो, आणि तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा बोंबलतो.

तेव्हा या घरातल्या माणसांनी खुणांचा एक कारभार बसवून टाकला होता. अंगठा तोंडाशी नेला की चहा. पोटावर थाप मारली की जेवायला या. हवेत दोन बोटं कात्रीसारखी चालवली की कातर दे. मनगट झटकलं की या गिऱ्हाइकाला कटवा, याला घ्यायचं काही नाही, नुसता भाव विचारत फिरतोय. आणि पेटी पुरी झाली, झाकण चपखल बसलं, की पेटीवाला बोटाच्या पेराने त्यावर दोनदा ठोके. ठक ठक. म्हणजे जमली. हा ठोका त्याच्या मुलीचा फार लाडका. काम संपत आलं की ती कुठूनही येऊन झाकणाला गाल लावून बसे आणि ठोका पडला की खुदकन हसे.

पाहुणे थट्टा करत. "अरे, हे घर आहे का मुक्यांची शाळा?"

तोही हसायचा. चहा मागवायला घसा खरवडावा लागत नाही, असं वर अभिमानाने सांगायचा.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. खरं नाव होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. वय आठ, एकुलती एक, आणि एका जागी म्हणून बसेल तर शपथ. दोन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला होता, तेव्हा काय ती सलग काही दिवस पडून होती. ताप उतरला, पोर पुन्हा गरगर फिरू लागली आणि आईबापांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर तिचा आवाज जरा चढा झाला. बोलताना शब्दांची टोकं खायची. पण पेटीवाल्याचंच पोर, ते ओरडणार नाही तर काय कुजबुजणार? असं सगळ्यांनी म्हटलं आणि कुणी त्यावर अधिक विचार केला नाही.

पेटीवाल्याची तक्रार वेगळीच होती. पोरगी ऐकत नाही. सकाळी उठल्यापासून हे पालुपद सुरू. पाणी आण म्हटलं, ऐकत नाही. पत्र्याच्या कातरणीत हात घालू नकोस, बोट कापेल, असं कानीकपाळी ओरडावं, तर बाईसाहेब पाठ करून आपल्या खेळात दंग. तिची आई सकाळीच शर्टांच्या कारखान्यात काजं करायला जाई ती संध्याकाळी येई, त्यामुळे दिवसभराचं हे लढणं त्याच्या एकट्याच्या वाट्याला. हातात काम, दारात गिऱ्हाईक आणि पायात पोर. माणूस चिडणार नाही तर काय करेल, असं तो स्वतःशीच म्हणे, आणि स्वतःला लगेच पटवून देई.

त्याची थोरली बहीण आली की आगीत तेल. "एकुलती एक म्हणून डोक्यावर बसवून ठेवलीयेस. आपल्या वेळी बाबांचा नुसता डोळा पुरायचा."

"ताई, मी काय कमी ओरडतो का?"

"ओरडून काय होतं? या कानाने ऐकते नि त्या कानाने सोडून देते. धाक हवा धाक."

शाळेतल्या बाईंनीही बोलावून घेतलं. बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या, पण त्यांच्या वर्गात इतकी पोरं की कुणाचं नाक वाहतंय हेही बघायला वेळ नसावा. त्या म्हणाल्या, "हुशार आहे हो. मी समोर उभी राहून विचारलं की सगळं येतं. फळ्याकडे तोंड करून काही सांगितलं की हिचं लक्षच नाही. हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही."

आता हे वाक्य जसंच्या तसं एखाद्या शहाण्या माणसाच्या पुढ्यात ठेवलं असतं तर त्याने काय ते ओळखलं असतं. पेटीवाल्याने ओळखलं ते असं की पोरगी नाटकी आहे.

"बाई, तुम्ही खुशाल कान उपटा तिचे," तो म्हणाला. "माझी हरकत नाही."

बाईंची काही फार इच्छा नव्हती, पण बापाची परवानगीच मिळाली म्हटल्यावर त्यांनीही अधूनमधून उपटले.

मग तो टेम्पोचा दिवस आला. पत्र्यांचा माल घेऊन टेम्पो गल्लीत शिरला आणि दुकानाशी लावायला मागे मागे येऊ लागला. भिंगरी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून कातरणीच्या पट्ट्यांची साखळी करत होती. टेम्पोकडे तिची पाठ. चालकाने भोंगा वाजवला. ती हलली नाही. पेटीवाला दुकानातून ओरडला, "सरक! ए भिंगरे, सरक मागे!" ती हलली नाही. तो पुन्हा ओरडला, हातोडा टाकून धावला, पण मध्ये पेट्यांची रास होती. शेवटी समोरच्या न्हाव्याने, गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच सोडून, झेप घेतली आणि तिला दंडाला धरून ओढलं. टेम्पोचं चाक तिच्या साखळीवरून गेलं.

पेटीवाला पोहोचला तो पुरता घाबरून. भीती बाहेर पडायला वाट शोधत असते, आणि त्याच्या घराण्यात ती वाट नेहमी रागाकडूनच जायची. त्याने पोरीला समोर उभं केलं आणि सगळ्या गल्लीसमोर खेकसला.

"कान आहेत का भोकं? ऐकू येत नाही का तुला?"

भिंगरीने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. डोळे मोठे करून, प्रश्न पुरता समजून घेऊन पाहिलं. आणि म्हणाली, "नाही."

न्हावी हसला. टेम्पोवाला हसला. "वस्ताद आहे पोरगी!" कुणीतरी मागून म्हणालं.

पेटीवाल्याच्या डोक्यात सणक गेली. मरता मरता वाचली ती वाचली, आणि वर चार लोकांत बापाला उलट उत्तर! त्याने उजवा हात उचलला आणि तिच्या डाव्या कानाखाली एक सणसणीत वाजवली. पत्रा ठोकून ठोकून घडलेला हात तो. पोर भेलकांडली आणि न्हाव्याच्या पायाशी बसली. मग कुणी हसलं नाही.

संध्याकाळी आईने विचारलं, "गाल का सुजलाय गं?" पेटीवाला चहाच्या कपात तोंड घालून बसला. भिंगरीने आधी बापाकडे पाहिलं, आणि मग तळहातावरून दोन बोटं घसरवून दाखवली. पडले. आई हळद आणायला उठली. आणि बापाच्या मनात काय आलं असेल? की पोरगी शहाणी आहे हो, घरातली गोष्ट घरात ठेवते. त्याला तिचं कौतुक वाटलं. ते कौतुक पुढे त्याच्या घशात अडकून बसलं.

काही दिवसांनी शेजारचे म्हातारे घड्याळजी वारले. भिंतीपलीकडे मयत असताना ठोकाठोक कशी करायची, म्हणून पेटीवाल्याने काम बंद ठेवलं. घरात अशी शांतता त्याने कधी ऐकलीच नव्हती. नळाचा थेंब ऐकू येत होता. बसून बसून कंटाळा आला म्हणून तो दुकानातली आवराआवर करू लागला. भिंगरी जमिनीवर गोधडीवर बसली होती, बापाकडे पाठ करून, फडक्याच्या चिंध्यांच्या वेण्या घालत. वरच्या फळीवरून त्याने मोठ्या कोठीचं झाकण काढलं आणि ते हातातून निसटलं.

झाकण फळीवरच्या डब्यांना घेऊन खालच्या पेट्यांवर कोसळलं. असा आवाज झाला की शेजारच्या घरातलं रडणं क्षणभर थांबलं. समोरून न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला. पेटीवाल्याचे स्वतःचे कान सुन्न झाले.

भिंगरी वेणी घालत होती.

तो तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "भिंगरे." मग मोठ्याने. मग टेम्पोच्या दिवशी ओरडला होता तितक्या मोठ्याने. पोरीने चिंधीची गाठ दाताने ओढून घट्ट केली.

तो वळसा घालून तिच्या पुढे आला. तिने वर पाहिलं आणि हसली. त्याने आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले: पाणी आण. ती टुणकन उठली, आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. पाणी सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढून, फार जपून.

आपल्या भाषेत हा शब्द मोठा फसवा आहे. सांगितलेलं करत नाही तेही पोर ऐकत नाही, आणि कानात आवाज शिरत नाही तेही ऐकत नाहीच. पेटीवाल्याने दोन वर्षं त्यातला स्वतःला सोयीचा अर्थ घेतला होता. इतर घरांत हे महिन्याभरात उघडं पडलं असतं. या घरात आधीपासूनच निम्मं बोलणं हातांनी आणि निम्मं आरडाओरड्याने चाले. पोरीने हात वाचले, ओठ वाचले, पेटीच्या झाकणाला गाल लावून ठोका कातडीने वाचला, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. तिला स्वतःला तरी कुठे पत्ता होता? सगळ्यांचं असंच असतं असं तिला वाटत असणार.

आता यावर कुठलाही बाप पोरीला उचलून डॉक्टरकडे धावला असता. आपल्या कथेतला बाप धावला नाही. त्याला ती थप्पड आठवली. डावा कान. आपल्याच हाताने पोरीचा कान गेला, हे त्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. आधीपासून ती ऐकत नव्हती हा हिशेब त्याला सुचला नाही. घाबरलेल्या माणसाला असले हिशेब सुचत नाहीत. डॉक्टर विचारणार, मार लागला होता का? मग काय सांगायचं? बायकोसमोर? तो रोज सकाळी ठरवी की आज सांगायचं, आणि रोज संध्याकाळी बायको दमून आली की म्हणे, उद्या. स्वतःच्या पोरीच्या कानापेक्षा त्याला स्वतःचं तोंड प्यारं झालं होतं. हे त्याला कळत होतं, आणि कळूनही तो गप्प होता. असे पंधरा-वीस दिवस गेले.

त्याचं बिंग फुटलं ते भलत्याच कारणाने. बायको एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, बरं नाहीये का तुम्हाला?"

"का गं?"

"हल्ली तिच्यावर ओरडत नाही तुम्ही."

त्याने झाकणाची गोष्ट सांगितली. थपडेची नाही सांगितली. बायकोने विळी बाजूला सारली, मुलीच्या मागे जाऊन टाळी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि तिथेच मटकन बसली. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यात रजा टाकली.

कानाच्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी भिंगरीला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाडजूड हेडफोन चढवले, आणि सांगितलं की आवाज आला की बोट वर कर. भिंगरीला खेळ आवडला. तिने काचेतून डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघून बघून बोटं वर केली. मग बाईंनी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं, तेव्हा बोट मांडीवरच राहिलं.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "कधी कानावर मार लागला होता का? पडली वगैरे?"

"नाही हो," बायको म्हणाली. मग तिला काहीतरी आठवलं. "हां, मध्ये पडली होती एकदा. गाल सुजला होता."

पेटीवाल्याला वाटलं, झालं, सुटलो. आणि लगेच त्याला स्वतःची इतकी किळस आली की तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडले.

"पडली नव्हती. मी मारली."

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत बोलत राहिला: टेम्पो, भोंगा, गल्ली, हात. "माझ्यामुळेच गेला ना बाई कान? जे असेल ते सांगा."

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. "नाही. दोन्ही कान सारखेच आहेत. आतल्या शिरेचं आहे हे, आणि जुनं आहे. तापातलं असावं. ती दोन वर्षं अशीच असणार. लहान मुलांना मारू नये, ते मी वेगळं सांगायला नको. पण तुमच्या मारण्याने हे झालेलं नाही."

इतके दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलावा तसं त्याला झालं. पण दाराबाहेर पडेपर्यंतच. पायऱ्या उतरताना त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो कठडा धरून थांबला. थपडेने कान गेला नाही, म्हणजे थप्पड मारली तेव्हा तो गेलेलाच होता. म्हणजे त्याने विचारलं होतं, ऐकू येत नाही का तुला, आणि पोरीने खरं उत्तर दिलं होतं. दोन वर्षांत तिला कुणी तो प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. तिने नीट समजून घेतला, सरळ सांगितलं की नाही, आणि बापाने तिला त्याबद्दल मारलं.

कान आपल्या हातून गेला असता तर तो अपघात तरी म्हणता आला असता. याला काय म्हणायचं? त्याला लाज वाटली. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटू नये असं वाटलं, आणि बरोबर चालणाऱ्या दोघीही ओळखीच्याच होत्या.

घरी आल्यावर बायको थेट चुलीकडे गेली. चहा ठेवताना पाठमोरी असतानाच तिने विचारलं, "तिने मला पडले असं का दाखवलं?"

त्याने कपबशा काढून मांडल्या.

"तुमच्याकडे बघून दाखवलं तिने. मला आठवतंय," ती म्हणाली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. तेही बोलली नाही, खुणा केल्या. अंगठा तोंडाशी, हात पोटाशी. त्या घरात कुणी रुसलंय हे बाहेरच्याला कळायची सोयच नव्हती.

कानाची मशीनं यायला वेळ लागला. तोवर पेटीवाला शाळेत जाऊन बाईंना भेटला. "मी कान उपटा म्हणालो होतो," एवढं बोलून त्याला पुढचं बोलता येईना. बाईंनाही येईना. दोघंही फळ्याकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून भिंगरी पहिल्या बाकावर आली. ऐरणीखाली त्याने पोत्यांची जाड घडी टाकली. मशीन लागल्यावर हा दणदणाट पोरीला सोसायचा नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ताई आली आणि म्हणाली, "अरे, आपल्याला काय माहीत होतं? मनाला लावून घेऊ नकोस." त्याला ते ऐकवेना. उठून कामाला लागला.

मग मशीन बसवायचा दिवस आला. छोटीशी खोली, एक टेबल, आणि मशीन बसवणारा विशीतला पोरगेलासा माणूस. त्याने भिंगरीला खुर्चीवर बसवलं, तिच्या कानात मऊ रबरी बूच नीट बसवलं, कानामागे मशीन अडकवलं आणि काहीतरी काढायला टेबलाच्या खणाकडे वळला.

पेटीवाल्याला धीर निघेना. या क्षणासाठी त्याने मनात किती वाक्यं जुळवली होती. ती सगळी ऐन वेळी पसार झाली आणि जिभेवर आलं ते तेच. तो पुढे वाकला आणि अगदी मायेने विचारता झाला, "ऐकू येतं का तुला?"

भिंगरीने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिचा स्वतःचा हात गालावर गेला, डाव्या.

"हो," ती घाईघाईने म्हणाली. "येतं. येतं ऐकू."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बायकोकडे वळून पाहिलं, आता तरी ती हसेल म्हणून.

"अहो काका, थांबा की," मशीनवाला मागून म्हणाला. "सेल टाकायचाय अजून." आणि चिमटीत धरलेला मसुराएवढा सेल त्याने वर करून दाखवला.

बायको खिडकीबाहेर बघत होती. भिंगरी तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, आपलं काय चुकलं ते शोधत.

पेटीवाल्याने स्टूल ओढलं आणि तो तिच्यासमोर बसला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर भार देऊन बसला. भिंगरीने खाली वाकून ते खरंच तिथे आहेत का ते बघून घेतलं. मग त्याने पुन्हा विचारलं. सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट ठेवत, "ऐकू येत नाही का तुला?"

गालावरचा हात तसाच होता.

"नाही," ती म्हणाली.

"बरोबर," तो म्हणाला.

त्याने एक हात हळूच बाहेर काढला. तेवढ्यानेही ती खुर्चीत मागे सरकली. तो थांबला, हात टेबलावर नेला आणि बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. ठक ठक. भिंगरीने टेबलाला गाल लावला नाही. ती त्या हाताकडे बघत राहिली, तो परत मांडीखाली जाईपर्यंत.

"टाकू का मग सेल?" मशीनवाल्याने त्याला विचारलं.

"मला नको विचारू," पेटीवाला म्हणाला. "तिला विचार. पुढे येऊन विचार."